‘हे अंशतः खरे आहे’ : कोकणातल्या औषधटंचाईबद्दल सभागृहात नेमकं काय विचारायला हवं?

देवचाफा

नमस्कार मंडळी,

पावसाळी अधिवेशन जवळ आलं की आपल्याकडे आमदारांना निवेदनं द्यायची लगबग सुरू होते. रस्ता, साकव, धूपप्रतिबंधक बंधारा, आणि दरवर्षी न चुकता ‘आरोग्य केंद्रात औषधं नाहीत’. निवेदन देतानाचा फोटो स्थानिक पेपरात छापून येतो. त्यातल्या काही निवेदनांचा पुढे विधिमंडळात प्रश्न होतो. त्या प्रश्नाला उत्तर काय आलं, हे मात्र निवेदन देणाऱ्यांपैकी फार थोडे वाचतात.

प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. मी त्या नेमाने वाचते. आरोग्याच्या प्रश्नांचा साचा ठरून गेलेला आहे. अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधांचा तुटवडा असल्याचे माहे मे मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचाही साचा आहे. ‘हे खरे नाही’, किंवा ‘हे अंशतः खरे आहे’, मग ‘पुरेसा औषधसाठा उपलब्ध आहे’, आणि शेवटच्या पोटप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’.

उत्तर इतकं सहज देता येतं याचं कारण मला प्रश्नातच दिसतं. ‘तुटवडा आहे काय’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणून मोकळं होता येतं. कुठल्या केंद्रात, कुठलं औषध, कुठल्या तारखेला किती शिल्लक होतं असं विचारलं तर आकडा द्यावा लागतो. सभागृहात चुकीचा आकडा गेला तर प्रकरण हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं, म्हणून मंत्रालयातला कक्ष अधिकारीसुद्धा जिल्ह्याकडून तो दोनदा तपासून घेतो. पण तारीख आणि औषधाचं नाव आमदाराला कोण सांगणार? ते आपल्या केसपेपरवर असतं.

दुसरा घोळ प्रश्न कोणाला विचारायचा याचा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. आणि आता ओरोस, अलिबाग, रत्नागिरी इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली (पहिली दोन २०२१ नंतर, रत्नागिरीचं २०२३ मध्ये), त्यामुळे त्यांना जोडलेल्या रुग्णालयांचा संबंध वैद्यकीय शिक्षण विभागाशी येतो. एकाच प्रश्नात तिन्ही घातले की प्रत्येक विभाग आपल्यापुरतं बोलतो आणि उरलेलं हवेत राहतं.

खरेदीचंही तसंच. २०१७ मध्ये राज्याने औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. त्या व्यवस्थेवर तक्रारी इतक्या झाल्या की २०२३ मध्ये कायदा करून वेगळं महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभारलं गेलं. नमुना तामिळनाडूचा. तिथलं महामंडळ १९९४ चं आहे. जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक, त्यात वर्षभराची रक्कम नोंदलेली, आणि रुग्णालय स्वतःच्या गरजेप्रमाणे त्या रकमेतून औषध उचलतं. आपण संस्थेचा नमुना घेतला. गोदाम आणि पासबुक रत्नागिरी-सिंधुदुर्गात कधी येणार, हा प्रश्न सभागृहात विचारण्यासारखा आहे.

या धाग्यावर आपण मिळून असा एक प्रश्न लिहूया का, ज्याला ‘अंशतः खरे’ असं उत्तर देताच येणार नाही? आपापल्या भागातलं लिहा. आरोग्य केंद्राचं, डॉक्टरांचं किंवा कर्मचाऱ्यांचं नाव नको. ती माणसं आपल्यासाठीच राबत असतात.

वाशिष्ठी

देवचाफाताई, धागा काढलात, फार बरं झालं. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही भोगला आहे. पाणी ओसरल्यावर आठवडाभर सगळं घर चिखल उपसत होतं. त्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, भीती, आणि डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं की माणूस वाचतो हे इथल्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा राज्यभरातून मदत आली, औषधंही आली. आपत्तीत यंत्रणा धावते. माझी तक्रार बिनआपत्तीच्या दिवसांची आहे.

सासूबाईंना रक्तदाब आणि साखर दोन्ही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले, याचा आनंदच आहे. पण महिन्याच्या गोळ्या लिहून दिलेल्या असताना हातात पडतात आठ-दहा दिवसांच्या. ‘बाकीच्या पुढच्या खेपेला.’ पुढच्या खेपेला जायचं म्हणजे एसटीचं तिकीट आणि बरोबर जाणाऱ्याची बुडालेली रोजी. गरीब घरातली बाई तिसऱ्यांदा जातच नाही. गोळी सुटते, आणि मग एके दिवशी अर्धांगाचा झटका. हे तुमच्या तुटवड्यात मोजलं जातं का?

रापण

मी मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

आमच्याकडे औषध नाय असा कोण सांगणत नाय. ‘ह्या संपला, त्याच्या बदली ह्या घेवा’ असा सांगतत. म्हातारी माणसां गोळयेचो रंग बघून खातत. रंग बदललो की दोन दोन गोळये खातत, नायतर खायतच नाय. माझ्या आवशीचा तसाच झाला. बदली गोळी देवची तर कागदावर मोठ्या अक्षरात लिवन देवा, इतक्याच माझा म्हणणा. आणि वाशिष्ठी सांगतत ता शंभर टक्के खरा.

आडवाट

धागा चांगला आहे, पण मला स्पष्ट लिहू द्या. प्रश्न विचारून काही होत नाही. तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांपैकी मोजकेच सभागृहात पुकारले जातात, बाकीच्यांची छापील उत्तरं पटलावर जातात. गोंधळात तास संपतो. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर संसदेने प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत तीसहून जास्त रुग्ण दगावले, तेव्हा खरी हालचाल कधी झाली? उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा. मग जनहित याचिकाच का करू नये?

गॅलरी

आडवाट, तुमचा वैताग समजतो. मी अनेक अधिवेशनं पत्रकार कक्षात बसून पाहिली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नांदेडच्या प्रकरणात न्यायालयाने पहिली गोष्ट मागितली ती माहिती: मंजूर पदं किती, भरलेली किती, औषधखरेदीची स्थिती काय, खर्च किती झाला. आपण इथे जे गोळा करायचं म्हणतोय तेच. म्हणजे वाट कोणतीही धरा, नोंद लागतेच. शिवाय न्यायालय अपवाद म्हणून धावून येतं. दरवर्षी खर्चाच्या मागण्या मंजूर करणं आणि त्याचा हिशेब घेणं हे काम विधिमंडळाचंच आहे.

सभागृहाच्या दबावाने काहीच होत नाही हेही खरं नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोग नेमला गेला. अहवालाने औषध उत्पादकापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि रुग्णालयाच्या खरेदीपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला, आणि १९८८ मध्ये आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. सर्वात स्वस्त निविदा घेतली, पुरवठादाराचा परवाना तपासला नाही, माल प्रयोगशाळेत न जाता वॉर्डात गेला. त्या अहवालातली ही साखळी आजही औषधखरेदीवर बोलणाऱ्या प्रत्येक आमदाराने वाचायला हवी. कारण २०२४ मध्ये पुन्हा काय निघालं? नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हतं. पोलिसांच्या आरोपपत्रात स्टार्च आणि टाल्कम पावडरीचा उल्लेख आला. डिसेंबरात अंबाजोगाईतूनही बनावट प्रतिजैविकाचं प्रकरण पुढे आलं. औषध आहे की नाही याइतकाच, आहे ते औषध आहे का, हाही प्रश्न आहे.

दिल्लीचं एक उदाहरण देतो. आरोग्य मंत्रालयावर लक्ष ठेवणारी संसदेची स्थायी समिती राज्यसभेच्या अखत्यारीत चालते आणि तिच्यात दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ खासदार असतात. मे २०१२ मध्ये या समितीने केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेवर आपला ५९ वा अहवाल दिला. समितीने काय केलं? भाषणं केली नाहीत, फाइली मागवल्या. ४२ औषधं निवडली आणि त्यांची कागदपत्रं द्या म्हणाली. त्यातल्या तीन औषधांच्या फाइली सापडल्याच नाहीत. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३३ नव्या औषधांना भारतीय रुग्णांवर चाचण्या न घेताच मंजुरी दिली गेल्याचं त्यातून उघड झालं. त्या अहवालानंतर देशात औषधमंजुरीची चर्चाच बदलली. समितीत कॅमेरे नसतात, त्यामुळे पक्षाचे झेंडे थोडे बाजूला राहतात आणि सदस्य मन लावून काम करतात. आपल्याकडे महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासणारी विधिमंडळाची लोकलेखा समितीही अशीच आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला. रिक्त पदं, औषधखरेदीतला विलंब, सगळं त्यात आहे. कोकणातल्या किती आमदारांनी त्यातली आपल्या जिल्ह्याची पानं वाचली, हे मतदारांनी त्यांना विचारावं.

साठा नोंदवही

मी सरकारी सेवेतला औषध निर्माण अधिकारी. जिल्हा आणि केंद्र सांगत नाही. वाशिष्ठीताईंनी विचारलंय ‘हे तुटवड्यात मोजलं जातं का’. नाही मोजलं जात. का, ते सांगतो.

ई-औषधी या संगणकीय साठा-प्रणालीत प्रत्येक औषधाची आवक-जावक चढवायची असते. वरून बघणाऱ्याला ‘शून्य साठा’ दिसला की फोन येतो. पण साठा शून्यावर आम्हीच येऊ देत नाही. रात्री-अपरात्री कोणी आलं तर हाताशी असावं म्हणून शेवटच्या थोड्या गोळ्या राखून ठेवतो, आणि आलेल्या प्रत्येकाला थोडं थोडं मिळावं म्हणून तीस दिवसांच्या जागी दहा दिवसांच्या देतो. यात लबाडी नाही, दुसरा इलाजच नसतो. पण परिणाम काय होतो? प्रणालीत साठा शून्य नाही, म्हणून तुटवडा नाही. मंत्र्यांना जिल्ह्याकडून जातं ते उत्तर कागदाप्रमाणे खरंच असतं, आणि तरी म्हातारी अर्ध्या गोळ्या घेऊन घरी जाते.

दुसरी गोष्ट मागणीपत्राची. आम्ही मागणी करतो ती मागच्या वर्षीच्या खपावर. मागच्या वर्षी औषधच कमी आलं होतं, म्हणून खप कमी दिसतो. मग यंदाची मागणी कमी, पुढच्या वर्षीची त्याहून कमी. तुटवडा असा आपोआप कागदावर कायम होतो. हे चक्र तोडायचं तर मागणी रुग्णसंख्येवर धरायला हवी. गावात रक्तदाबाचे नोंदलेले रुग्ण किती ते आशाताईंच्या वहीत असतंच.

तिसरी, वाहतूक. माल जिल्ह्याच्या भांडारात उतरतो, तिथून केंद्राने आपली गाडी पाठवून आणायचा. गाडी रुग्णवाहिका म्हणून बाहेर असेल, डिझेलचं बिल अडलं असेल, आंबा घाटात किंवा करूळला दरड आली असेल, तर जिल्ह्यात औषध आहे आणि केंद्रात नाही. ‘जिल्ह्यात पुरेसा साठा उपलब्ध आहे’ हे उत्तर त्या दिवशीही खरंच.

म्हणून माझी विनंती, प्रश्नात ‘तुटवडा’ हा शब्दच घालू नका. ‘सरासरी खपानुसार किती दिवस पुरेल इतका साठा होता’ असं विचारा. दिवस विचारलेत की राखून ठेवलेल्या दोन पाकिटांनी उत्तर सजवता येत नाही.

वाशिष्ठी

साठादादा, डोळे उघडले. आमच्या केंद्रातल्या औषधवाल्या ताईंवर मी किती वेळा मनातून चिडले असेन. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, त्या कोणत्या पेचात असतात.

कातळफूल

मी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलंय. ‘दिवस’ हा निकष रक्तदाब-मधुमेहाला अगदी बरोबर आहे. सर्पदंशाला मात्र वेगळा लागेल.

आपल्या सड्यावर फुरसं, बागेत घोणस, घरात मण्यार, आणि नाग. या चौघांच्या विषावर एकच बहुसंयुजी प्रतिविष चालतं. राष्ट्रीय उपचारपद्धतीप्रमाणे विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातच ८ ते १० कुप्यांनी करायची असते, आणि गरज लागल्यास पुढे आणखी. आता एखाद्या केंद्रात पाच कुप्या आहेत असं धरा. नोंदवहीत ‘उपलब्ध’. प्रत्यक्षात एका माणसाचा पहिला डोसही पुरा होत नाही. मग डॉक्टर रुग्णाला पुढे पाठवतो. मंडणगडहून किंवा गुहागरहून निघालेली गाडी मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबलेलं असतं. म्हणून विचारायचं ते असं: किती केंद्रांत किमान एका रुग्णाचा पूर्ण सुरुवातीचा डोस होता आणि किती केंद्रांत नव्हता?

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात आहे. त्या आराखड्याचा आधार घेऊन खासदार लोकसभेत विचारू शकतात.

आणि औषध महाग असायलाच हवं असं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाचे मृत्यू पाहिले, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ते आटोक्यात आणता येतात हे जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी केंद्रात आहे का, हे पावसाळ्याआधी एकदा तपासावं. स्वस्त औषधांकडेच जास्त दुर्लक्ष होतं, असा माझा अनुभव आहे.

चाकरमानी

मुंबईतून वाचतोय, गाव देवगड तालुक्यात. एक शंका. आरोग्य हा राज्याचा विषय, मग खासदारांना कशाला त्रास द्यायचा? ते म्हणणार, राज्याला विचारा.

देवचाफा

चाकरमानी, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने’ राज्य सूचीत आहे हे बरोबर. पण ‘औषधे’ समवर्ती सूचीत आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी केंद्राकडून येतो. औषधांच्या किमतीचं नियंत्रण केंद्राचं. लसी केंद्राच्या. क्षयरोगाची औषधंही केंद्रच खरेदी करून राज्यांना पाठवतं. मार्च २०२४ मध्ये हा पुरवठा लांबला आणि केंद्राने राज्यांना कळवलं की तीन महिन्यांपुरती औषधं तुम्ही स्थानिक पातळीवर घ्या. क्षयाच्या उपचारात खंड पडला की जंतू औषधांना दाद देईनासा होतो. त्या काळात रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्थानिक खरेदी किती दिवसांत झाली, किती रुग्णांचा डोस चुकला? हा खासदारांचाच प्रश्न आहे, आणि तो पंधरा दिवस आधी सूचना देऊन लेखी विचारता येतो.

आपल्या जुन्या राजापूर मतदारसंघाने आधी नाथ पै आणि मग मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवलं होतं. दोघेही पूर्ण अभ्यास करून सभागृहात उभे राहत. कोकणच्या खासदाराने प्रश्न विचारणं ही इथली जुनी रीत आहे, आणि ती मागायचा आपल्याला हक्क आहे.

एक गोष्ट वर राहून गेली. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं प्रशासकच होते. म्हणजे औषधांबद्दल विचारणारी जिल्हा परिषदेची आरोग्य समितीच त्या काळात नव्हती. प्राथमिक आरोग्य केंद्रांचा हिशेब मागायला आमदारांवाचून दुसरं कोणी उरलं नव्हतं. तेव्हाच्या नोंदींवर प्रश्न विचारले जायलाच हवेत.

तेरेखोल

दोडामार्ग-बांदा पट्ट्यातून लिहितोय. आमची गोष्ट थोडी निराळी. आमच्याकडे माणूस गंभीर झाला की गाडी आपोआप बांबोळीला वळते, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. पिढ्यान् पिढ्या तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला वाचवलंय, त्यांचे उपकार विसरणार नाही. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. आमचं म्हणणं गोव्याविरुद्ध नव्हतंच. आम्हाला दुसऱ्या राज्यात का जावं लागतं, हे विचारायचं होतं. ओरोसला महाविद्यालय झालं तरी ती गाडी अजून बांबोळीलाच वळते. तिथे गेलेल्या रुग्णांची नोंद आपल्या राज्याच्या मागणीपत्रात येत नाही. साठा नोंदवही म्हणतात त्याप्रमाणे खप कमी दिसतो, म्हणून औषधही कमी येतं.

२०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात गोचिडीतून पसरणारा माकडताप आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे पसरला. काजूच्या बागेत काम करणारी माणसं दगावली. त्या तापावर नेमकं औषध नाही. सलाईन, रक्ताचे घटक, आणि गोचीड अंगाला लागू नये म्हणून लावायचं तेल, एवढ्यावरच भिस्त. ते तेल बागायत सुरू व्हायच्या आधी मिळायला हवं. ते कधी पोहोचलं, हे प्रश्नात घाला.

बाणकोट

कातळफूल यांना पूर्ण अनुमोदन. त्यात विजेची भर घाला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कितीतरी गावं दीर्घकाळ अंधारात होती. इन्शुलिन, लसी, द्रवरूप प्रतिविष, सगळ्यांना थंडावा लागतो. पावडरच्या रूपातलं प्रतिविष साध्या तापमानाला टिकतं, मग कोकणासाठी तेच का मागवू नये? आणि केंद्रातला जनरेटर चालू आहे का, हाही औषधपुरवठ्याचाच भाग धरायला हवा.

देवचाफा

सगळ्यांचं वाचून एक मसुदा केला आहे. सार्वजनिक आरोग्य विभागासाठी, राज्य विधानसभेकरिता.

‘(१) रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालयात गतवर्षी जून ते सप्टेंबर या कालावधीत, दर आठवड्याच्या अखेरीस, उच्च रक्तदाब व मधुमेहावरील औषधांचा साठा सरासरी खपानुसार किती दिवस पुरेल इतका होता, (२) उक्त कालावधीत सर्पदंशावरील प्रतिविषाच्या १० पेक्षा कमी कुप्या कोणत्या केंद्रांत व किती दिवस होत्या, (३) जिल्हा भांडारात औषध प्राप्त झाल्याचा दिनांक व ते केंद्रात पोहोचल्याचा दिनांक काय आहे, (४) त्यापैकी किती औषधांच्या नमुन्यांची प्रयोगशाळा तपासणी वापरापूर्वी झाली, (५) पुढील वर्षाची मागणी नोंदणीकृत रुग्णसंख्येवर आधारित करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’

दुरुस्त्या सुचवा.

साठा नोंदवही

पहिल्या पोटप्रश्नात एक भर घाला: ‘डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दिवसांपेक्षा कमी दिवसांचे औषध किती रुग्णांस देण्यात आले’. केसपेपर आणि वितरण नोंदवही ताडून पाहिली की हे निघतं. वेळ लागेल, पण निघतं. तिसऱ्या पोटप्रश्नात मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी अवधी असताना आलेल्या मालाचाही तपशील मागा.

वाशिष्ठी

मी आमच्या बचत गटातल्या बायकांना सांगितलंय, ‘बाहेरून आणा’ लिहिलेल्या चिठ्ठीचा आणि दुकानाच्या बिलाचा फोटो तारखेसह जपून ठेवा. फोटो पुढे देताना रुग्णाचं नाव आणि आजार झाकायचा. गावात कोणाला कसला आजार आहे हे पसरायला नको.

आडवाट

मसुदा वाचला. असा प्रश्न मी आजवर कुठल्याही यादीत पाहिलेला नाही. त्या कालावधीची वितरण नोंदवही माहितीच्या अधिकारात मागतो. तीस दिवसांची मुदत आहे, अधिवेशनाच्या आत हातात येईल. सरकारी उत्तर आणि नोंदवही समोरासमोर ठेवता येतील.

गॅलरी

आडवाट, हेच हवं होतं. उत्तर आल्यावर दोन गोष्टी करा. उत्तर अपुरं वाटलं तर त्याच विषयावर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. आमदारांना ते माहीत असतं, फक्त आठवण करून द्यावी लागते. आणि मंत्र्यांनी ‘माहिती घेऊन कळवू’ किंवा ‘कार्यवाही करू’ म्हटलं तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समितीकडे जातं. त्या समितीला मतदारसंघातून पत्र गेलं की विषय पुन्हा वर येतो. प्रश्नाचा क्रमांक आणि अधिवेशनाचं वर्ष इथे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणालाही शोधता येईल.

एकाच आमदाराला देऊ नका. दोन्ही बाजूंच्या बाकांवरच्यांना द्या. विधान परिषदेतही कोकणातून गेलेले सदस्य आहेत.

तेरेखोल

दोडामार्ग आणि सावंतवाडीसाठी मी वेगळा मसुदा करतोय. माकडतापाचा हंगाम डिसेंबरपासून पाऊस लागेपर्यंत असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर आमच्या उपयोगाचा नाही. काजूच्या बागा सुरू व्हायच्या आत गोचिडीचं तेल कोणत्या उपकेंद्रात किती बाटल्या, हा पहिला पोटप्रश्न. कातळफूल, रक्ताच्या घटकांबद्दल दुसरा पोटप्रश्न कसा घालायचा ते सांगाल का? रविवारी सकाळी आमदारांच्या कार्यालयात द्यायचा आहे.